सुटलेल्या चेंडूची किंमत

कबड्डीत एका संघाची चढाई संपली की दुसऱ्याची सुरू होते, त्यामुळे सामना संपतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या चढाया जवळपास सारख्याच भरतात. बास्केटबॉलची आतली रचनाही तशीच आहे. फक्त खेळ इतक्या वेगाने इकडून तिकडे धावतो की ती चटकन ध्यानात येत नाही. बास्केट झाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. नेम चुकून रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला चेंडू, त्यांच्या हाती पडला तरी जातो. पास मध्येच अडवला गेला, चेंडू रेषेबाहेर गेला किंवा चोवीस सेकंदांत नेम धरता आला नाही, तरीही जातो. ताबा असा आळीपाळीने फिरतो आणि अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये ४८ मिनिटांत तो प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण १०० वेळा येतो. दोन संघांमध्ये फरक पडलाच तर एक-दोनाचा. मग आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात: त्या शंभरांतून किती वेळा बास्केटवर नेम धरता येतो आणि धरलेले किती नेम लागतात. दुसऱ्या गोष्टीबद्दल प्रेक्षक आणि समालोचक भरभरून बोलतात. पहिल्या गोष्टीचा मुख्य शत्रू टर्नओव्हर, म्हणजे नेम धरण्याआधीच गमावलेला चेंडू. त्याची खरी किंमत आपण कमी धरतो, आणि ती मोजण्याची आपली रीतही बरीचशी चुकीची आहे.

ही मोजदाद तशी उशिराच सुरू झाली. एनबीएने खेळाडूगणिक टर्नओव्हरची नोंद ठेवायला सुरुवात केली ती १९७७-७८च्या हंगामात. त्याआधीच्या मोठमोठ्या खेळाडूंचे गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास) आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी चेंडू किती वेळा गमावला हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून गाजलेले डीन स्मिथ मात्र १९५०च्या दशकातच, सहायक प्रशिक्षक असताना, दर ताब्यामागे किती गुण मिळाले याचा हिशेब ठेवत होते. संथ खेळणाऱ्या संघाचे गुण कमीच दिसणार आणि वेगवान संघाचे जास्त; म्हणून सामन्यातल्या एकूण गुणांवरून संघाची पारख करू नये, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. एक विलक्षण योगायोग इथे सांगायलाच हवा. स्मिथ यांनी विद्यापीठ स्पर्धेची दोन विजेतेपदे मिळवली, १९८२ आणि १९९३ साली, आणि दोन्ही अंतिम सामन्यांच्या शेवटच्या क्षणांत समोरच्या संघाने चेंडू स्वतःहून गमावला. १९८२मध्ये जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने अवघ्या एका गुणाने मागे असताना चेंडू थेट प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात दिला. १९९३मध्ये मिशिगनच्या ख्रिस वेबरने संघाचा एकही टाइमआउट शिल्लक नसताना टाइमआउट मागितला. टेक्निकल फाउल झाला आणि त्याबरोबर ताबाही गेला.

स्मिथ यांचा धागा संख्याशास्त्राच्या अंगाने पुढे नेला डीन ऑलिव्हर यांनी. २००४ साली आलेल्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात त्यांनी जिंकण्या-हरण्यामागचे चार घटक मांडले: नेमबाजी, टर्नओव्हर, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यांना दिलेले वजन साधारणपणे ४०, २५, २० आणि १५ टक्के असे सांगितले जाते. म्हणजे नेमबाजीच्या खालोखाल क्रमांक टर्नओव्हरचा. हे आकडे अंदाजी आहेत, दर काळात थोडे हलतात. पण क्रम का असा लागतो, हे साध्या अंकगणितातून पटते.

आजच्या एनबीएमध्ये संघ १०० ताब्यांत साधारण ११४ गुण करतो आणि त्या १०० पैकी सुमारे १४ टर्नओव्हरमध्ये घालवतो. म्हणून एका ताब्याची किंमत १.१४ गुण, असे म्हणावेसे वाटते. पण या ११४ गुणांमध्ये त्या १४ ताब्यांचा वाटा शून्य आहे. सगळे गुण उरलेल्या ८६ ताब्यांतून आलेले असतात, म्हणजे सुरक्षित राहिलेल्या प्रत्येक ताब्यामागे १.३३ गुण. चेंडू हातून सुटतो तेव्हा संघ गमावतो तो हा मोठा आकडा. चुकलेल्या नेमाशी तुलना केली की फरक आणखी उघड होतो. नेम चुकला तरी साधारण चारांतला एक रिबाउंड आक्रमण करणाऱ्या संघालाच मिळतो आणि पुन्हा संधी येते. फसलेल्या नेमातही अशी थोडी आशा शिल्लक असते. टर्नओव्हरमध्ये काहीच उरत नाही. दर सामन्यात चार टर्नओव्हर वाचवणाऱ्या संघाच्या पदरात या हिशेबाने पाचेक गुण पडतात. सरासरी पाच गुणांनी वरचढ राहणारा संघ ८२ सामन्यांच्या हंगामात सहसा पन्नासचा टप्पा ओलांडतो, हे ध्यानात घेतले की चार हा आकडा लहान वाटत नाही.

आणि हा झाला निम्माच हिशेब, कारण सगळे टर्नओव्हर एका जातीचे नसतात. चेंडू रेषेबाहेर गेला, चेंडू न आपटता चालण्याची चूक झाली, आक्रमकाचा फाउल झाला, तर खेळ थांबतो. प्रतिस्पर्धी बाहेरून चेंडू आत टाकेपर्यंत तुमचे पाचही जण मागे येऊन आपापल्या जागा धरतात. पास मध्येच पकडला गेला तर खेळ थांबत नाही; त्या घडीला तुमचे खेळाडू पुढच्या दिशेने पसरलेले असतात आणि मागचे मैदान मोकळे असते. मग अडवायला एकच माणूस आणि समोरून दोघे धावत येताहेत, असे दृश्य दिसते. असा पास किती थोड्या फरकाने फसतो ते पाहण्यासारखे आहे. समजा एक खेळाडू आठ मीटरवरच्या सहकाऱ्याकडे सेकंदाला बारा मीटर वेगाने चेंडू फेकतो. चेंडू हवेत असतो सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग. पास सुटलेला दिसून अंग हलेपर्यंत बचाव करणाऱ्याचा सुमारे पाव सेकंद जातो. उरलेल्या चार-दशांश सेकंदात एक लांब पाऊल आणि पसरलेला हात एवढेच त्याला जमते. चेंडूच्या वाटेवर हात पोचायला एवढ्या वेळात वीतभर कमी पडले, तर पास यशस्वी होतो. पण फेकणाऱ्याने आधीच नजर तिकडे वळवली असेल, खांदा फिरवला असेल, तर तो पाव सेकंद बचाव करणाऱ्याला फुकट मिळतो आणि वीतभर अंतर सहज भरून निघते. उडी मारून पास देणे म्हणूनच धोक्याचे: पाय जमिनीवरून सुटल्यावर बेत बदलायला जागा राहत नाही आणि समोरच्याला ते माहीत असते.

याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाचे. २०२४-२५च्या हंगामात त्यांनी ६८ सामने जिंकले आणि सामन्यामागे सरासरी १२.९ गुणांची आघाडी घेतली. लीगच्या इतिहासात इतकी मोठी सरासरी आघाडी कुणाचीही नाही. त्या हंगामात सर्वांत कमी टर्नओव्हर त्यांचेच, सामन्याला ११.७, आणि प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक चुका करायला लावणारेही तेच, सामन्याला सुमारे १७. पाचाहून अधिक टर्नओव्हरचा हा फरक १.३३ने गुणला तर सात गुण होतात. म्हणजे १२.९ गुणांच्या आघाडीतला निम्म्याहून मोठा भाग नुसत्या ताब्याच्या राखणीतून आणि लुटीतून आला, असे ठोकळमानाने म्हणता येते. पळवलेल्या चेंडूवरची सोपी बास्केट तर यात वेगळी धरलेलीच नाही.

त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेने मात्र या मांडणीपुढे एक मोठा प्रश्नही उभा केला. ५ जून २०२५ला पहिल्या सामन्यात याच ओक्लाहोमाविरुद्ध इंडियाना पेसर्सने पूर्वार्धातच १९ वेळा चेंडू गमावला, पूर्ण सामन्यात सुमारे २५ वेळा. शेवटचा ०.३ सेकंद उरला असताना टायरीस हॅलिबर्टनने बास्केट केली आणि इंडियाना १११-११० असे जिंकले. टर्नओव्हर इतके महाग असतील तर हे झाले कसे? उत्तर सामन्याच्या तक्त्यातच आहे. ओक्लाहोमाने ९८ वेळा नेम धरला, इंडियानाने ८२ वेळा. टर्नओव्हरने आपली किंमत पुरेपूर वसूल केली: सोळा नेमांची. तरी दोन्ही संघांच्या बास्केट सारख्याच, ३९. इंडियानाच्या त्यातल्या १८ तीन गुणांच्या, ओक्लाहोमाच्या ११. रिबाउंडही इंडियानाचे ५६ आणि ओक्लाहोमाचे ३९. शिवाय मिळालेल्या चेंडूंवर ओक्लाहोमाला केवळ ११ गुण करता आले. इतक्या गोष्टी एका रात्रीत जुळून आल्या तेव्हा सोळा नेमांचे नुकसान एका गुणाने भरून निघाले. असे रोज घडत नाही, आणि घडलेही नाही. पाचव्या आणि सातव्या सामन्यात इंडियानाने पुन्हा वीसहून अधिक वेळा चेंडू गमावला आणि दोन्ही हरले. सहाव्यात ती पाळी ओक्लाहोमावर आली: २१ टर्नओव्हर, त्यांतले आठ लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचे, शाई गिल्जस-अलेक्झांडरचे, सामना १७ गुणांनी गेला.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. मागे पडलेला संघ घाईने, जोखमीने खेळतो आणि चेंडू गमावतो. आघाडीवरचा संघ सांभाळून खेळतो. मग टर्नओव्हर हे पराभवाचे कारण की पराभवाचा परिणाम? काही अंशी परिणाम आहेच, आणि नुसत्या जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांची सरासरी मांडून काढलेले निष्कर्ष त्यामुळे फुगलेले असतात. म्हणूनच मी वर तसा दाखला न देता ताब्याचा हिशेब मांडला. एक ताबा वाया गेला की १.३३ गुणांची अपेक्षा संपते, हे पहिल्या मिनिटालाही खरे आहे आणि शेवटच्याही. त्या वेळी कोण पुढे होते याने त्यात फरक पडत नाही. घाई कुठून आली हा प्रश्न वेगळा, घाईने काय गेले हा वेगळा.

तिसरा आक्षेप खेळाडूंकडे बोट दाखवतो. कारकिर्दीतल्या सर्वाधिक टर्नओव्हरचा विक्रम लेब्रॉन जेम्सच्या नावावर आहे, आणि सर्वाधिक गुणांचाही त्याच्याच. एका हंगामात सर्वाधिक, ४६४ टर्नओव्हर केले जेम्स हार्डनने, २०१६-१७मध्ये, आणि त्याच हंगामात असिस्टमध्येही तो लीगमध्ये पहिला होता. इथे नुसती बेरीज दिशाभूल करते. ज्याच्या हाती चेंडू सर्वाधिक वेळ असतो त्याच्याच हातून तो सर्वाधिक सुटणार. कोपऱ्यात उभे राहून पासची वाट पाहणाऱ्याचे टर्नओव्हर कमी असतात यात त्याचे कौशल्य दिसत नाही. चूक मोजायची ती त्या खेळाडूने मिळवून दिलेल्या गोष्टींशी ताडूनच. जॉन स्टॉकटनने १५,८०६ असिस्ट दिले आणि ४,२४४ वेळा चेंडू गमावला. दुसरा आकडा एकटा पाहिला तर तो दोषी वाटेल. दोन्ही शेजारी ठेवले की पावणेचार बास्केटमागे एक चूक, असा त्याचा हिशेब दिसतो.

इथून पुढचा धडा काहींना आवडणार नाही. टर्नओव्हर शून्याकडे नेणे हे ध्येय धरले तर संघ बिघडतो. शार्लट हॉर्नेट्सने २०१६-१७मध्ये सामन्याला अवघे साडेअकरा टर्नओव्हर केले, लीगमध्ये सर्वांत कमी; जिंकले ८२ पैकी ३६ सामने. चेंडू जपला, पण त्यातून पुरेशा चांगल्या संधी तयार झाल्या नाहीत. उलट गोल्डन स्टेट वॉरियर्स २०१५-१६ला ७३ सामने जिंकले आणि २०२२ला विजेते ठरले, ते लीगमध्ये चेंडू सर्वाधिक गमावणाऱ्या संघांच्या रांगेत राहूनच. त्यांचे सततचे धावणे आणि झटपट पास यांतून इतके मोकळे नेम मिळत की चुकांची किंमत फिटून वर गुण उरत. पण म्हणून वॉरियर्सना चुका फुकट पडत होत्या असे नाही. २०१६च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना अखेरच्या टप्प्यात अटीतटीचा असताना स्टेफन करीने पाठीमागून क्ले थॉम्प्सनला दिलेला पास थेट रेषेबाहेर गेला. साधा पास पुरेसा होता. सामना त्यांनी चार गुणांनी गमावला. अवघड पासमुळे संधी खुलत असेल तर त्यातली जोखीम रास्त. साध्या पासाने काम भागत असताना घेतलेली जोखीम संघाला परवडत नाही.

सावधपणा आणि कल्पकता यांतले एकच निवडावे लागते हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. इंडियाना हा वेगाने खेळणारा संघ. तरी त्यांचा सूत्रधार हॅलिबर्टन २०२४-२५मध्ये सामन्याला नऊहून अधिक असिस्ट देत होता आणि दोनपेक्षा कमी वेळा चेंडू गमावत होता. २७ मे २०२५ला न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड केले आणि टर्नओव्हर एकही नाही. एनबीएच्या बाद फेरीत असा मेळ त्याआधी कुणी घातला नव्हता. पासचा निर्णय आधी घ्यायचा, नजर मात्र शेवटपर्यंत दुसरीकडे ठेवायची, ही सवय सरावाने लावता येते. त्यासाठी प्रशिक्षकाच्या वहीत टर्नओव्हरचा एकच रकाना पुरत नाही. खेळ थांबवणाऱ्या चुका एकीकडे, प्रतिस्पर्ध्याला धावायला मोकळे मैदान देणाऱ्या दुसरीकडे, आणि प्रत्येकीसमोर तो पास यशस्वी झाला असता तर काय मिळाले असते याची नोंद, एवढे लिहिले गेले तरी चूक झाली की खेळाडूला सरसकट बाकावर बसवण्याऐवजी नेमका कोणता पास सोडून द्यायचा हे त्याला सांगता येईल.