कोळ्याच्या पोटात सूत नसते

लोंढ्याहून बेळगावकडे जाणारी रेल्वे गुंजीवरून पुढे सरकते, तो टापू सह्याद्रीच्या रानाचा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेथील वाटांवर, तशीच आपल्या गोव्यातील अभयारण्यांतही, महाकाय कोळ्याची सोनेरी झाक असलेली जाळी आडवी येतात. जाळे मीटरभर रुंद, त्यात बोटभर लांबीची मादी आणि तिच्या आसपास जेमतेम मुंगीएवढा नर.

हा धागा कोळ्याच्या पोटात गुंडाळून ठेवलेला असतो, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तेथील ग्रंथींत असतो तो ‘स्पिड्रॉइन’ नावाच्या प्रथिनांचा दाट द्रव. त्याचा घन धागा होतो तो बाहेर पडण्याच्या निमुळत्या नळीत. या नळीत सामू सुमारे ७.६ वरून ५.७ पर्यंत घसरतो, म्हणजे आम्लता वाढते. क्षारांचे प्रमाणही बदलते. प्रथिनाचे रेणू एका टोकाने आधीच जोडीने बांधलेले असतात. आम्लता वाढताच त्यांची दुसरी टोकेही परस्परांना धरतात आणि साखळी लांबत जाते. कोळी धागा ओढतो, तेव्हा त्या ताणाने रेणू सरळ होतात. ॲलनिनचे पट्टे एकमेकांवर बसून सूक्ष्म स्फटिक बनतात. बळकटी येते ती त्यांमुळे. लवचिकता देतात ते ग्लायसिनयुक्त सैल भाग. यालाच प्रथिनांची स्वयंजुळणी म्हणतात. नायलॉनचा धागा काढण्यासाठी कच्चा माल अडीचशे अंशांहून अधिक तापवावा लागतो. कोळ्याचे काम रानातल्या तापमानात, पाण्यावर भागते.

मग कोळीच का पाळू नयेत? कारण ते एकमेकांना खातात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०१२ साली मांडलेल्या सोनेरी अंगरख्यासाठी मादागास्करमधील दहा लाखांहून अधिक कोळ्यांचा धागा लागला होता! म्हणून जिवाणूंकडून हे प्रथिन तयार करवून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये आम्लतेचीच युक्ती वापरून एक लिटर जिवाणू-संवर्धनातील प्रथिनापासून किलोमीटरभर धागा काढता येतो, हे दाखवले. मात्र त्याची ताकद नैसर्गिक धाग्याहून कमीच भरली.

तूर्त हाताशी आहे तो रेशीमकिडा. त्याचे ‘फायब्रॉइन’ हे प्रथिन वेगळे, जुळणीचे तत्त्व मात्र जवळचे. ही जुळणी इतकी पक्की की, कोष उकळला तरी वरचा डिंकच सुटतो. आतला तंतू विरघळवायला लिथियम ब्रोमाइडसारख्या क्षाराचे तीव्र द्रावण लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून हेच प्रथिन पुन्हा जुळवून, हाडातील पोकळी भरण्यासाठी त्याचे सच्छिद्र साहित्य घडवण्यात आले आहे.