पहारा हवा गिऱ्हाइकाच्या दारात!

थडगं पेरूत फोडलं जातं, भाव मात्र न्यूयॉर्कमध्ये ठरतो. मग नुसत्या थडग्यावर पहारा बसवून कसं भागेल? म्हणून अमेरिकेने १९८३ साली कायदा केला. एखाद्या देशाने साकडं घातलं की त्याच्या धोक्यातल्या पुरावस्तूंची आयातबंदी-यादी तयार होते आणि तिच्यातली वस्तू बंदरात उतरली की कस्टम्सवाले मूळ देशाचा निर्यात परवाना मागतात. परवाना नसेल, तर बंदीच्या आधीच ती तिथून बाहेर पडली होती हे आणणाऱ्यानेच सिद्ध करायचं. मला यातलं हेच कलम सर्वांत मोलाचं वाटतं. जमिनीत गाडलेल्या वस्तूची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. ती चोरीला गेली हे बिचारा मूळ देश सिद्ध करणार तरी कसं?

पहिली बंदी कुणासाठी आली? इजिप्त नाही, ग्रीस नाही. चिमुकल्या एल साल्वादोरमधल्या कारा सुसिया भागासाठी, १९८७ मध्ये!

त्याच वर्षी पेरूत सिपानच्या थडग्यांच्या टेकाडात लुटारू शिरले. पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी उरलेलं वाचवलं, १९९० मध्ये आयातबंदीही आली. तरी सिपानचं सोन्याचं एक राजचिलखत अमेरिकेत पोचलंच. १९९७ मध्ये एफबीआयने गिऱ्हाईक बनून १६ लाख डॉलरचा सौदा ठरवला आणि ते पकडलं. ते आणण्यात पनामाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याचाही हात होता!

बोलिव्हियातल्या कोरोमा गावाची कथा तर काळजाला भिडते. तिथल्या पिढीजात वस्त्रांत पूर्वजांचे आत्मे वसतात, अशी गावाची श्रद्धा. ती वस्त्रं थेट अमेरिकेच्या बाजारात! १९८९ मध्ये बंदी आली आणि १९९२ मध्ये बरीच वस्त्रं गावाकडे परतली.

नाण्यांच्या शौकिनांना मात्र हा कायदा जाचला. २००९ मध्ये त्यांच्या संघटनेने सायप्रस आणि चीनची वीसेक जुनी नाणी मुद्दाम अमेरिकेत आणली. ती जप्त व्हावीत आणि कोर्टात जाता यावं म्हणून! कोर्टात ते हरले.

अमेरिकेतल्या हॉबी लॉबी कंपनीकडे आलेल्या इराकच्या कीलाक्षरी पाट्यांच्या खोक्यांवर तर चक्क ‘मातीच्या फरशा, नमुना’ असं लिहिलेलं होतं. २०१७ मध्ये कंपनीने ३० लाख डॉलर भरले.

युरोपीय संघाचं कुलूप आणखी मोठं. बाहेरच्या देशांतली २५० वर्षांहून जुनी उत्खननातली वस्तू आणायची, तर २८ जून २०२५ पासून परवाना लागतो, मग तिची किंमत कितीही असो.

आणि आपण? आपल्याकडे १०० वर्षांहून जुन्या मूर्ती खासगीरीत्या परदेशी नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. अमेरिकेशी पुरावस्तूंबाबतचा करार मात्र झाला थेट २६ जुलै २०२४ रोजी, दिल्लीत. उशीर झाला खरा, पण झाला हे फार चांगलं. त्याआधी गेलेल्या मूर्तींसाठी एकेक लढत द्यावी लागते आणि तिथे जुने फोटो कामी येतात. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५० च्या दशकापासून देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले. तामिळनाडूतल्या कित्येक चोरीच्या मूर्ती ओळखल्या गेल्या त्या याच फोटोंवरून.