छेदात कोण कोण आहे?

शेलूबाजारची पोर बाहेरगावी पीएचडी करते आणि विषय ‘क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी’ सांगते, तेव्हा घरात हमखास विचारतात, ‘साथ आली काय कुठं?’ मराठीत आपण एपिडेमिऑलॉजीला साथरोगशास्त्र म्हणतो, त्यामुळे हा घोळ होणारच. खरं तर रक्तदाब, सर्पदंश, बाळंतपण, कर्करोग हे सगळं त्यात येतं. कोणती तपासणी कितपत भरवशाची, कोणत्या उपचाराने खरोखर फरक पडतो, हे त्यात मोजून ठरवायचं असतं.

मोठ्या रुग्णालयात रुग्ण भरपूर, म्हणून संशोधन तिथंच होतं, हा समज मात्र नुकसान करतो. सोयाबीनची उगवण तपासताना आपण ओल्या गोणपाटात 100 दाणे घालतो. ते पोत्यातून जसे येतील तसे घेतो. टपोरे वेचून घेतले, तर तपासणी खोटी ठरते. रुग्णालयातले रुग्ण असेच निवडून आलेले असतात. ज्याला गाडीभाडं परवडलं, दुखणं असह्य झालं, तो आला. सोंगणी सोडून न आलेली बाई नोंदवहीत नसतेच. आजाराचं प्रमाण काढताना अंश दवाखान्यात मिळतो, छेद गावात असतो.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत हा छेदच शोधला. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी त्यासाठी तपासणी झाली होती फक्त 8 टक्के स्त्रियांची. 1989 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. कोणत्याही ओपीडीत बसून हा आकडा दिसला नसता.

‘गुण आला, म्हणजे औषध लागू पडलं’ हा समजही तसाच फसवा. बालमृत्यू पाऊसपाणी बरं झाल्यानं, रस्ता आल्यानंही कमी होऊ शकतात. म्हणून गडचिरोलीत 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली आणि 47 गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हा पुरावा आहे.

हे शिकायला परदेशी जावंच लागतं असंही नाही. बंग दांपत्य 1984 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सला शिकलं, हे खरं. आज चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, आणि वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो बंधनकारक आहे.

पीएचडीच्या पोरांना मात्र एक कळकळीनं सांगते. ‘आधी आकडे गोळा करू, मग संख्याशास्त्रवाल्यांकडे जाऊ’ असं करू नका. किती माणसं लागतील, कोणाशी तुलना करायची, काय मोजायचं, हे पहिल्या रुग्णाआधी ठरतं. गोणपाटातली तपासणी आपण पेरणीच्या आधी करतो, दुबार पेरणीची वेळ आल्यावर नाही.