‘क कमळाचा’ पाठ झाला, पण ‘क’ ऐकू आला का?

आपल्या अनेक विहारांत संध्याकाळी लहान मुलांचा वर्ग भरतो. शिकवणारे बहुतेक कॉलेजातले तरुण-तरुणी. उत्साह भरपूर असतो आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर अ ते ज्ञ लिहिलं जातं. मुलं एका सुरात म्हणतात, ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा.’ मीही सुरुवातीला असंच शिकवत होते. एकदा पाच वर्षांच्या एका मुलीने सगळी मुळाक्षरं न अडखळता म्हणून दाखवली. मी विचारलं, “कावळा कशाने सुरू होतो?” ती म्हणाली, “चोचीने.”

वर्ग हसला. पण तिचं काय चुकलं? मी पक्ष्याबद्दल विचारतेय की शब्दाबद्दल, हे तिला कळायला मार्गच नव्हता. लहान मुलासाठी ‘कावळा’ म्हणजे तो काळा, काव काव करणारा पक्षी. कावळा हा एक आवाजही आहे, तो तोडता येतो आणि त्याचा पहिला तुकडा ‘का’ आहे, हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. ते न दाखवता अक्षरं पाठ करून घेतली, तर मुळाक्षरं म्हणजे एक गाणं होतं. गाणं येतं, वाचता येत नाही.

हा प्रश्न छोटा नाही. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २० टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. वस्तीत काम करताना पुढचं चित्र दिसतं. वाचता न येणारं मूल पाचवीत मागच्या बाकावर गप्प बसतं आणि आठवी-नववीत शाळेत जाणं बंद करतं. आपण नोंदवहीत कारण लिहितो, ‘घरची परिस्थिती’. ते खोटं नसतं, पण सुरुवात बरीच आधी झालेली असते.

म्हणून फळ्याआधी कान. पहिले दोन-तीन आठवडे खडू हातात घेऊच नका. भेंड्या सगळ्यांना माहीत आहेत, त्या उलट्या खेळा: शेवटच्या अक्षराऐवजी पहिला आवाज धरायचा. “घरात ‘भ’ने काय काय आहे?” भाकरी, भांडं, भोपळा, भिंत. मुलांची नावं तर हाताशीच असतात. समता, साक्षी, सिद्धार्थ यांना एका रांगेत उभं करा आणि तिघांच्या नावात सुरुवातीला सारखं काय ऐकू येतं ते विचारा. लिहिताना ती स, सा, सि अशी तीन वेगळी रूपं होतील, कारण आपल्या लिपीत स्वर व्यंजनालाच चिकटतो. पण कानाला तिन्हीकडे ‘स’ भेटतो. ज्या मुलाला हे ऐकू आलं, त्याला पुढे बाराखडीत काय चाललंय ते समजतं.

क-ख, ब-भ यांत गोंधळ होतोच. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरायला सांगा. ‘कडा’ म्हटल्यावर ती जेमतेम हलते, ‘खडा’ म्हटल्यावर जोरात उडते. पळ-फळ, बात-भात, दार-धार या जोड्यांनी अर्धा तास मजेत जातो. खर्च शून्य.

अक्षर दाखवायची वेळ आली की क्रमाने जाऊ नका. दिसायला आणि ऐकायला लांबची दोन-तीन अक्षरं निवडा, उदाहरणार्थ म, क, स. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व एकाच दिवशी कधीच नकोत. मराठीचा एक मोठा फायदा आहे. अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज जवळपास एकच. इंग्रजीत ‘सी, ए, टी’ कितीही वेळा म्हटलं तरी त्यातून ‘कॅट’ ऐकू येत नाही. आपल्याकडे क-प म्हटलं की ‘कप’ तयार. इंग्रजी माध्यमाची फी भरून दमलेल्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. मराठीत कान तयार झाला, तर तोच इंग्रजीतही कामाला येतो.

एक खाचखळगा मात्र आहे. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ म्हणून पाहा. अक्षर एकच, आवाज दोन. ‘जाळं’ आणि ‘जीभ’ यांचंही तसंच. मूल म्हणालं की हे दोन सारखे नाहीत, तर ते बरोबर आहे. त्याला शाबासकी द्या आणि ‘च’, ‘ज’ थोडे पुढे ढकला.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या कितीतरी मुलांच्या घरी ‘पानी’ म्हणतात, वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. यावरून वर्गात हसू झालेलं मूल तोंड उघडायचं थांबतं, हे आपल्यातल्या अनेकांनी स्वतः सोसलंय. ‘शुद्ध बोल’ या दोन शब्दांत जात ऐकू येते, हे वेगळं सांगायला नको. पण गंमत पाहा, मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ने शब्द सुरूच होत नाहीत. म्हणूनच तक्त्यावर ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असं असतं. म्हणजे सुरुवातीच्या आवाजावर काम करताना घरची बोली आणि पुस्तकाची भाषा बहुतेक वेळा एकच असते. साळा-शाळा, इळा-विळा असे काही अपवाद आहेत. तिथे “घरी साळा, पुस्तकात शाळा” एवढं म्हणायचं, दोन्ही फळ्यावर लिहायचं आणि पुढे जायचं.

‘ण’ आणि ‘ळ’ अगदी शेवटी घ्या, शब्दाच्या शेवटचा आवाज ओळखण्याच्या खेळात. तोपर्यंत कुणी ‘पानी’ म्हणालं, तर ‘प’ बरोबर सांगितला ना, तेवढं बघा.