बपेऱ्याची दुपार आणि नवी कादंबरी

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत कुणी कादंबरी वाचत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकात असं लिहिणं म्हणजे लग्नघरी जाऊन 'आज माझा उपास आहे' म्हणण्यासारखं, पण खरं ते खरं. आमचं बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं गाव. सिहोऱ्यावरून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राज्याच्या अगदी कडेला. दिवाळीला इथे हलका धान कापणीला आलेला असतो आणि भाऊबीज उलटली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू. आज या गावची, परवा त्या गावची. दिवसा पाहुणे, रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. रात्रभर नाटक बघून आलेला माणूस सकाळी कादंबरी उघडेल कशाला?

वाचनाची खरी सुट्टी मे महिन्याची. पारा पंचेचाळिसाला टेकतो, बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, कूलरसमोर ओळीनं माणसं पसरलेली. पुण्या-मुंबईकडची मुलं जूनच्या मध्यावर शाळेत जातात, विदर्भातल्या शाळा मात्र त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. ही आठवडाभराची वरकमाई उन्हाने दिलेली. एवढ्या दुपारी घालवायच्या कशा, हा प्रश्न भाचीनं मला विचारला आणि तिथून हा लेख निघाला. तिच्या कॉलेजला सुट्टी, मोबाइलचा डेटा संध्याकाळपर्यंत पुरत नाही आणि मी घरात 'पुस्तकवाला मामा' म्हणून बदनाम.

पहिल्या खेपेला मी सपशेल हरलो. मोठ्या हौसेनं तिला भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' दिली. २०१० साली आलेली ही कादंबरी थोर आहे, पण उशाला घेतली तर मान दुखेल एवढी जाड. तीन दिवसांनी भाची म्हणाली, "मामाजी, चारीस पानं झाली, अजून गोठ सुरूच नाही झाली जी!" आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही. चाळीसचं चारीस होतं, डोळ्याचा डोरा. चूक नेमाड्यांची नव्हती, निवडणाऱ्याची होती. मी माझ्या आवडीचं पुस्तक तिच्या दुपारीवर लादलं होतं.

सुट्टीत वाचायची कादंबरी ही वेगळीच जात आहे. ती पहिल्या दहा पानांत धरणारी हवी आणि मध्येच कुणी पाणी मागितलं तर खाली ठेवता यावी. मराठीत अशा पुस्तकांचा मोठा संसार होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. मग गुरुनाथ नाईक, बाबा कदम, नारायण धारप, सुहास शिरवळकर. शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये सिनेमा आला आणि लेखक हयात नसताना ते पुस्तक नव्या पोरांच्या हातात गेलं. आमच्या सीमेवर आणखी एक झरा होता, हिंदीचा. तुमसर रोड स्टेशनवरून गाडीत बसलेला माणूस सुरेंद्र मोहन पाठक नाहीतर वेदप्रकाश शर्मांचं जाड कागदाचं पॉकेटबुक वाचत जायचा. उतरताना ते सीटवरच राहायचं आणि दुसऱ्याच्या घरी पोचायचं. शिष्ट लोक या पुस्तकांना नाकं मुरडत. मला मात्र वाचनाचं वेड त्यांनीच लावलं.

लोकप्रिय पुस्तक ओळखायचं कसं? ग्रंथालयात ते सोपं असतं. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं महाराष्ट्रभर आहेत. तिथल्या कपाटात पाठ बघा. शिवण उसवलेली, खाकी कागदाचं दुसरं नाहीतर तिसरं कव्हर, मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली. असं पुस्तक हमखास घ्यावं. 'मृत्युंजय' नि 'स्वामी' मी कुठल्याही वाचनालयात धड बांधणीत बघितलेली नाहीत.

नव्या पुस्तकाला ही खूण लागू नाही. मग लोक आवृत्ती बघतात. 'सहा महिन्यांत तिसरी आवृत्ती' असं मुखपृष्ठावर छापलं की गिऱ्हाईक वळतं. पण आवृत्ती किती प्रतींची, ते कुणी छापत नाही. तीनशे प्रतींच्या तीन आवृत्त्या म्हणजे पूर्वीच्या काळची एकही नव्हे. सोशल मीडियावरचं कौतुक बरेचदा लेखकाच्या मित्रांचं असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त मित्र मोजून वजा करावेत.

त्यापेक्षा मला साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची यादी बरी वाटते. २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना तो देतात. लिहिणारा आणि वाचणारी यांच्या वयात फार अंतर नसतं. २०२१ ला प्रणव सखदेवांची 'काळेकरडे स्ट्रोक्स', २०२४ ला देविदास सौदागरांची 'उसवण', २०२५ ला प्रदीप कोकरेंची 'खोल खोल दुष्काळ डोळे'. भाचीला मी 'उसवण' दिली. तयार कपड्यांनी ज्याचा धंदा उसवला अशा शिंप्याची ही लहानशी कादंबरी. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. त्यामुळे कात्री, सुई, उधारी सगळं आतून येतं. ती दोन दुपारींत संपली.

दुसऱ्या आठवड्यात कृष्णात खोतांची 'रिंगाण'. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. धरणाने उठवलेल्या गावातला माणूस मागे जंगलात राहिलेली म्हैस आणायला निघतो, एवढीच गोष्ट, पण श्वास रोखून वाचावी अशी. भाषा कोल्हापूरकडची, सुरुवातीला अडखळायला होतं. तिथे थांबू नये. आमच्या तालुक्यात सितेकश्याला बावनथडीवर धरण झालं, खाली वैनगंगेवर गोसीखुर्द झालं. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्यानं बुडालेल्या गावाची गोष्ट एकदा वाचायलाच हवी, असं माझं मत.

ज्यांना हसत वाचायचं आहे त्यांनी नवेपणाचा हट्ट सोडून नंदा खऱ्यांची 'अंताजीची बखर' घ्यावी. १९९७ ची आहे. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांचा काळ आणि शूर नसलेला, पण भलता चलाख नायक. याच खऱ्यांनी पुढे 'उद्या' ही भविष्यातली कादंबरी लिहिली. तिला अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला. आणि कादंबरी नसूनही कादंबरीसारखं झपाटणारं हवं असेल तर शरद बाविस्करांचं 'भुरा'. दहावीत इंग्रजीत नापास झालेला धुळ्याकडचा मुलगा पुढे दिल्लीत फ्रेंचचा प्राध्यापक होतो. आमच्याकडे नापास झालेल्या पोरांना मी ते न विचारता देतो.

पुस्तक मिळवायचं कुठून, ही निराळी डोकेदुखी. पुस्तकांच्या मोठ्या दुकानासाठी नागपूर गाठायचं, नाहीतर ऑनलाइन. एकदा मी स्वस्त बघून एक गाजलेली कादंबरी मागवली, ती निघाली चोरटी प्रत. अक्षरं पसरलेली, मुखपृष्ठावरचा चेहरा धुक्यात गेलेला, कागदाला रॉकेलसारखा वास. छापील किमतीच्या निम्म्याहून कमी भाव दिसला की समजून जावं. कादंबरीचे तीनशे-चारशे रुपये ही धानकापणीच्या दिवसभराच्या मजुरीएवढी रक्कम आहे, म्हणून माणूस मोहात पडतो. त्याला उपाय जुनाच. चार घरांनी चार वेगवेगळी पुस्तकं घ्यायची आणि फिरवायची. पुस्तक डोळ्यांनीच वाचलं पाहिजे असंही नाही. भाचीच्या आजीचे डोळे अधू, तिला फोनवर कादंबरी ऐकवतात. पण रात्री अंगणात खाटा टाकल्या की तिला नातीनं वाचून दाखवलेलंच लागतं. फोनवरची बाई 'थांब' म्हटल्यावर थांबत नाही, अशी तिची तक्रार.

'उसवण' वाचून झाल्यावर भाचीनं ती गावातल्या शिंप्याला नेऊन दिली. त्यांच्याकडे आता शाळेचे गणवेश आणि साडीला फॉल, एवढंच काम उरलंय. पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. मधल्या एका पानावर कपड्यावर मारतात तशी खडूची निळी रेघ होती. "मामाजी, पुसू नका," भाचीनं बजावलं आणि पुस्तक शेजारच्या घरी दिलं.