जुन्या ट्रकची वायरिंग आणि रस्त्यावर वाळणारा ऊस



ऊस विकास खात्याच्या माणसांनी बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. बॅटरी आणि वायरिंगच्या भानगडीत कशाला पडावे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु ऊस तुटला म्हणजे आमच्या खात्यातून सुटला, असे होत नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही दरवर्षी सांगतो. उशीर होईल तसे वजन घटते, कांड्यातील साखर फुटू लागते आणि उतारा खाली येतो. एफआरपी उताऱ्यावर ठरत असल्याने हा तोटा एकट्या त्या उसाच्या मालकाचा राहत नाही, तो सर्वांच्याच दरात उतरतो. म्हणून भरलेला ट्रक फाट्यावर उभा राहिला की आमचाही जीव टांगणीला लागतो. आणि आमचा अनुभव असा आहे की, इंजिन वा गिअरबॉक्स बसल्यामुळे जेवढ्या गाड्या अडत नाहीत, तेवढ्या सेल्फ न उठल्यामुळे आणि लाइट गेल्यामुळे अडतात.

येथे आम्ही बोलतो आहोत ते जुन्या गाड्यांविषयी. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांचे इंजिनच संगणकावर चालते. त्यांच्या वायरींना झाडाखालच्या वायरमनने हात न लावलेला बरा. पण आपल्या भागात उसावर चालणाऱ्या कितीतरी ट्रक-ट्रॅक्टरांची वायरिंग पाच-सहा हातांतून गेलेली आहे. प्रत्येकाने आपली एक वायर वाढवली, जुनी तशीच लोंबत ठेवली. लाल वायर कुठली नि काळी कुठली, हे आता ड्रायव्हरलाही सांगता येत नाही.

गाडी यार्डातच का बसते, हे आधी समजून घेऊ. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालण्यासाठी विजेची गरज नसते. पंप यांत्रिक, बंद करायची दोरीही बहुधा ओढायची. त्यामुळे अल्टरनेटर वाटेत मेला तरी गाडी फडातून कारखान्यापर्यंत खुशाल येते, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. इथे नंबर लागतो, गाडी बंद होते, आणि मग उठत नाही. अल्टरनेटर धडधाकट असला तरी यार्डात बॅटरीचे हाल होतातच. दर अर्ध्या तासाला सेल्फ मारायचा, दहा फूट पुढे सरकायचे, पुन्हा बंद. मोठ्या ट्रकचा सेल्फ एका दमात शेकडो अँपिअर ओढतो, आणि ते भरून काढायला इंजिन मिनिटभरही चालत नाही. त्यात रात्रभर टेप आणि केबिनची बत्ती. सकाळी धक्का मारायला चार गाड्यांची माणसे गोळा करावी लागतात, आणि त्या गाडीच्या मागची सगळी ओळ थांबते.

अशा वेळी बहुतेक मालक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे नवी बॅटरी आणतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! बॅटरी बदलण्यापूर्वी काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा आणि तीन वेळा व्होल्ट मोजावेत. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, ट्रॅक्टरला एकच १२ ची असते. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या भरलेल्या १२ च्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा दिसतो. १२ किंवा त्याखाली गेला तर ती रिकामी समजावी. दुसऱ्यांदा इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन मोजावे. ट्रॅक्टरवर साधारण १३.८ ते १४.४ आणि ट्रकच्या जोडीवर २७.६ ते २८.८ दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा वाढलाच नाही तर दोष बॅटरीचा नव्हे. बेल्ट, कार्बन, रेग्युलेटर अथवा अल्टरनेटरची वायर पाहावी. आकडा फार वर गेला तर रेग्युलेटर गेला आहे, बॅटरीचे पाणी उकळून आटेल आणि बल्ब पटापट उडतील. तिसऱ्यांदा सेल्फ मारताना मोजावे, त्याविषयी पुढे सांगतो.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा क्षुल्लक समजू नये. पुष्कळ अल्टरनेटरांना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर निरोगी असूनही चार्ज करीत नाही. पाच-दहा रुपयांच्या बल्बापायी अल्टरनेटर खोलून बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून 'चार्जिंग आहे का बघू' ही तपासणी आता बंदच करावी. डायनामोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरचे डायोड त्या एका झटक्यात उडतात.

ट्रकच्या दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तर आणखी एक गंमत दिसते. एक भरलेली आणि दुसरी खाली, असे आढळले तर बहुतेक वेळा टेप, पंखा किंवा मोबाइलचा चार्जर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून जोडलेला असतो. ती एकटी रिकामी होत जाते, आणि अल्टरनेटर दोघींना एकत्रच भरत असल्याने दुसरी जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. वर्षभरात दोन्ही वाया. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवावा आणि त्यावरच टेप चालवावा. बॅटरी बदलायची झाल्यास जोडीने बदलावी; एक जुना आणि एक नवा बैल एका जुवाला चालत नाही, तसेच हे.

आता सेल्फ. चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज येतो आणि लाइट मंद होतात, अशी तक्रार सर्वात जास्त. बॅटरी भरलेली असूनही असे झाले तर दोष जोडांत आहे. सेल्फ २०० अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या टर्मिनलला फक्त एक शतांश ओहमचा अडथळा असेल, तर तेवढ्यावर २ व्होल्ट जातात. तो अडथळा डोळ्यांना दिसत नाही, बल्ब लावून कळत नाही, कारण बल्बला एक-दोन अँपिअरच लागतात. म्हणून एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या बोल्टवर धरायचे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की ती केबल किंवा तिचे टोक दोषी. तसेच बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत मोजावे. आमचा भर या दुसऱ्या मोजणीवर जास्त आहे, कारण अर्थिंगची पट्टी कोणी पाहतच नाही. चेसिसवर रंग मारताना तिच्या खालीही रंग बसतो, वरून यार्डातला चिखल आणि उसाचा चिकट रस. आत तांबे हिरवे पडलेले असते. पट्टी सोडून, जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, घट्ट आवळून वरून ग्रीस लावले की निम्मे रोग जातात. टर्मिनलवरची पांढरी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नये. सोडताना आधी निगेटिव्ह सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. तेथे बिडी नको.

फ्यूजच्या बाबतीत मात्र आम्हाला थोडे कडक बोलावे लागते. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा किंवा जाड तार बांधायची, ही रीत सर्रास आहे. फ्यूज उडतो तो कुठे तरी वायर घासून बॉडीला लागते म्हणून. तार बांधली की फ्यूजऐवजी ती वायर तापते, आणि तिच्याभोवती केबिनच्या मागे पाचटाचा थर साचलेला असतो. भरलेली गाडी पेटल्यावर ऊसही गेला आणि गाडीही. फ्यूजच्या जागी टेस्टचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटेल. मग एकेक वायर हलवत जावे, जिथे बल्ब मंदावेल तिथे दुखणे सापडले. पावसाळ्यात गाडी उभी असताना उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा हंगामाआधी डॅशबोर्डच्या मागे बॅटरी मारून एकदा बघावेच. बॉडीचे वेल्डिंग करून घ्याल तेव्हा बॅटरीची दोन्ही टोके आणि अल्टरनेटरची वायर आधी सोडावी, नाहीतर डायोड गेलेच.

राहिला ट्रॉलीचा प्रश्न, आणि खरे तर हा लेख आम्ही त्यासाठीच लिहायला घेतला. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून मोटरसायकल धडकली, अशी बातमी ऐकली नाही असा हंगाम जात नाही. मागून येणारा तो पोरगा बहुतेक आपल्याच पंचक्रोशीतला असतो. कोणाचा तरी मुलगा, कोणाचा जावई. ट्रॅक्टर पुढे झगझगीत दिवे लावून, गाणी वाजवत चाललेला असतो आणि मागे दोन ट्रॉल्या काळ्याकुट्ट. मालकाला विचारावे तर, "साहेब, लाइट लावलेत की, पण लागत नाहीत."

ते लागत नाहीत याचे कारण ठरलेले आहे. ट्रॉलीपर्यंत एकेक वायर नेलेली असते आणि अर्थ घेतलेला असतो जोडणीच्या पिनवरून. पिन ग्रीसने माखलेली, ओढताना खाली-वर होणारी. अर्थ कधी मिळतो, कधी तुटतो. म्हणून खड्ड्यात दिवा पेटतो आणि सपाटीला विझतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की सगळेच दिवे एका तालात लुकलुकतात, असे दिसले तर डोळे झाकून समजावे की अर्थ नाही. करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बमधून जातो आहे. उपाय सोपा. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून शेवटच्या ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत अर्थाची स्वतंत्र वायर न्यावी आणि प्रत्येक जोडाला सात पिनांचे सॉकेट लावावे. वायर वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल, पण जमिनीला घासणार नाही इतकी वर बांधावी, आणि शक्यतो पाइपातून न्यावी. नुसत्या पीळ मारलेल्या, चिकटपट्टीच्या जोडावर विसंबू नये.

दिवा लागला तरी तो दिसला पाहिजे. मोळ्या मागे दोन-दोन हात बाहेर लोंबतात आणि दिवा त्यांच्याआड जातो. भरणी झाली की मागची वाढे छाटावीत, दिव्याची काच पुसावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागे लाल रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत. त्यांना ना वायर लागते ना अर्थ. पंक्चर होऊन बॅटरी उतरलेल्या ट्रॉलीचेही ते रक्षण करतात. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर मात्र नसल्यात जमा.

टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवावे की फडातून गाडी काढण्यापूर्वी ड्रायव्हरने एकदा ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून ओरडून सांगायचे. पेटीत जादा बल्ब असावेत, पण ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे वेगळे. १२ चा बल्ब ट्रकला लावला तर लगेच उडतो, तो लक्षात तरी येतो. २४ चा बल्ब ट्रॉलीला लावला तर तो काजव्यासारखा मिणमिणतो आणि 'लाइट चालू आहे' या समजुतीवर सबंध हंगाम निघतो. होल्डरात घालण्यापूर्वी बल्बच्या टोपीवरचा आकडा वाचून घ्यावा.