बोटे कोण मोजून देतो?



घरात मूल जन्मले की आजी आधी काय करते? बाळाची बोटे मोजते. पाच-पाच भरली की तिचा जीव भांड्यात पडतो. पण एखाद्या बाळाच्या अंगठ्याशेजारी सहावे बोट निघाले, की कुजबूज सुरू होते. "ग्रहणात विळीवर बसली असेल हो!" "सातव्या महिन्यात भाजी चिरली, मी नको म्हणत होते!" सारा दोष येतो त्या ओल्या बाळंतिणीच्या माथी. हा दोष खरा आहे का? ते ठरवायचे तर आधी हात घडतो कसा, ते पाहू या.

गर्भ चार आठवड्यांचा होतो, तेव्हा त्याच्या कुशीवर दोन बारीक उंचवटे येतात. फांदीला कोंब फुटावा तसे. हे हातांचे कोंब. पायांचे कोंब एक-दोन दिवसांनी दिसतात. आठवा आठवडा संपतो तेव्हा बोटे सुटी झालेली असतात, आणि गर्भ असतो जेमतेम सव्वा इंचाचा!

मग कोंबाला कळते कसे, की इकडे अंगठा आणि तिकडे करंगळी? याचे उत्तर कोंबडीच्या अंड्याने दिले. कवचाला लहानशी खिडकी पाडली की आतला गर्भ दिसतो, आणि ती पुन्हा झाकली की पिल्लू वाढत राहते. सॉन्डर्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली दाखवले, की पंखाच्या कोंबाच्या टोकावरची बारीक कड काढून टाकली तर पंख खुंटतो. म्हणजे 'वाढत राहा' हा हुकूम त्या कडेतून सुटतो. पुढे १९६८ साली गॅसेलिंग या सहकारी बाईंबरोबर त्यांनी आणखी एक प्रयोग सांगितला. कोंबाच्या मागच्या काठाचा, म्हणजे आपल्या करंगळीच्या बाजूचा, चिमूटभर तुकडा घेऊन त्यांनी पुढच्या काठावर बसवला. कोंबडीच्या पंखात तीन बोटे असतात. या पिल्लांत सहापर्यंत बोटे आली, आणि तीही आरशात पाहावीत तशी उलटसुलट!

त्या चिमूटभर तुकड्यात असे काय होते? स्वयंपाकघरात फोडणी दिली, तर चुलीजवळ वास दाट येतो, ओटीवर विरळ, आणि अंगणात जवळजवळ नाहीच. डोळे मिटूनही आपण चुलीपासून किती दूर आहोत, हे सांगता येते. कोंबातल्या पेशींचेही तसेच. मागच्या काठावरून एक द्रव्य पसरते. ते ज्यांना भरपूर आणि पुष्कळ वेळ मिळते, त्यांच्यातून करंगळीकडची बोटे होतात. जिथे ते पोचत नाही, तिथे अंगठा.

हे द्रव्य तयार करण्याची आज्ञा एका जनुकात असते. जनुक म्हणजे आईबापांकडून आलेली, पेशीत लिहून ठेवलेली कृती. हार्वर्ड विद्यापीठातील टॅबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे जनुक ओळखले. त्याचे नाव 'सॉनिक हेजहॉग'. हेजहॉग हा एक काटेरी प्राणी. फळमाशीत असेच एक जनुक बिघडले की तिच्या अळीवर दाट काटे येतात, म्हणून हे नाव पडले. हे जनुक असते प्रत्येक पेशीत. पण कोंबात ते जागे होते फक्त मागच्या काठावर.

त्याला जागे करणारी एक कळ आहे, विजेच्या दिव्याच्या बटणासारखी. ती जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे. या कळीतले एखादे अक्षर बदलले, की जनुक अंगठ्याच्या बाजूलाही जागे होते आणि तिथे जास्तीचे बोट फुटते. काही घराण्यांत असा बदल सापडल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. करंगळीच्या बाजूचे जास्तीचे बोट बहुधा दुसऱ्या जनुकांमुळे येते. पण तेही कित्येकदा घराण्यातूनच आलेले असते.

आता ग्रहणाकडे वळू. बोटे आठव्या आठवड्यातच घडून चुकली. मग सातव्या महिन्यात विळीवर बसल्याने सहावे बोट फुटणार कसे? आणि ग्रहण म्हणजे सावली. सावलीने जनुकातले अक्षर बदलत नाही.

भ्यायचे असेल तर वेगळ्याच गोष्टीला भ्यावे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. गरोदर स्त्रियांनी ते मळमळीवरही घेतले. तिथे १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगात हजारो मुले आखूड हातापायांची जन्मली. कोंब फुटण्याचे ते दिवस फार नाजूक. पुष्कळ बायांना तर तेव्हा दिवस गेल्याचेही उमगलेले नसते. म्हणून पाळी चुकली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नये.

सहावे बोट दोरा बांधून घरी पाडू नका, जखम चिघळते. बाळ एकदा डॉक्टरांना दाखवा. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात अशा मुलाला कोणी चिडवले, तर अंड्याची ही गोष्ट सगळ्या वर्गाला सांगा. आणि घरी गेल्यावर त्याच्या आईलाही कोणी तरी सांगा: बाई, तुझं काही चुकलं नाही.